‘लोन पास’ म्हणणाऱ्यांना जाब विचारा!

१९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर-ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांबरोबर आपली बरीच कुटुंबे इथे आली. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अनेकांची हयात गेली. आता मुले-नातवंडे कोलार रोड, कटारा हिल्सकडे स्वतःचे घर शोधत आहेत. हाती बँकेचे प्री-अ‍ॅप्रूव्हल लेटर आले की घरात पेढे वाटले जातात. बँकेच्या काउंटरवर बसणारे आम्ही स्पष्ट सांगतो : हा कागद म्हणजे मंजूर कर्ज नव्हे!

हे पत्र तुमचा पगार, चालू हप्ते आणि सिबिल पाहून दिलेले असते. घराबद्दल त्यात एक अक्षर नसते. जमिनीचे डायव्हर्शन झाले का, नकाशा मंजूर आहे का, मालकी निर्वेध आहे का, हे बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर नंतर तपासतात. तिथे खोट निघाली की पत्राची रद्दी!

आकड्याचाही भ्रम नको. पत्रात ५० लाख लिहिले असले, तरी ५० लाखांच्या घरावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ८० टक्के, म्हणजे ४० लाखांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेले १० लाख आणि स्टँप-रजिस्ट्रीचे काही लाख आपल्याच खिशातून!

एजंटाला हे ठाऊक नसते काय? असते. तरी तो ‘लोन पास हो गया’ म्हणतो, कारण त्याला आजच बयाना हवा असतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अशाच भरवशावर दोन लाख दिले. कॉलनीला मंजुरीच नाही असे निघाले. बँकेने नकार दिला, बिल्डर दोन लाखांचे नावही काढेना. निवृत्तीची पुंजी होती ती.

दोष आपलाही आहे. ‘कसे विचारायचे?’ या भिडेने आपण गप्प बसतो. भीड ही भिकेची बहीण, हे आपले वाडवडील उगाच म्हणत नव्हते. २०१६ च्या रेरा कायद्याने, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. रेराचे कार्यालय भोपाळातच आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आधी मागा. ‘कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नाकारल्यास बयाना परत’ ही अट लेखी घ्या. अट मान्य नसेल, तर घर दुसरे पाहा.

आमची मागणी साधी आहे. ‘ही कर्जमंजुरी नाही’ हे वाक्य बँकांनी पत्राच्या माथ्यावर ठळक हिंदीत छापावे. आपल्या मंडळाने तसा ठराव करून बँकांकडे पाठवावा. समाजातील निवृत्त बँक व महसूल कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एक रविवार कागद तपासून देण्यासाठी द्यावा. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपण घरोघरी जातो. समाजबांधवांची घरे वाचवण्यासाठी एवढे करणार की नाही?