शहामृगाच्या टरफलाची साक्ष

वाचकहो, शहामृग म्हटले की आपल्याला आफ्रिका आठवते. पण हा न उडणारा थोरला पक्षी एके काळी आपल्या महाराष्ट्रातही वावरत होता, हे ठाऊक आहे का?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तेथे १९७०च्या दशकात डॉ. साळी यांनी उत्खनन केले. अश्मयुगातील माणसांच्या दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याची टरफले, त्यांचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडाही निघाला. हा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

आता आपण विचाराल, अशी टरफले शहामृगाचीच कशावरून? त्याचे उत्तर डीएनए देतो. ज्वारीच्या दाण्यात जसा तिचा वाण लपलेला असतो, तशी प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाच्या सूक्ष्म धाग्यावर वंशाची नोंद असते. जीव मेला की हा धागा तुटू लागतो. ओल लागलेल्या बियाण्याची उगवण जाते ना, तसेच ऊन आणि ओल हे त्याचे वैरी. आपल्या उष्ण मुलखात तो क्वचितच टिकतो. टरफलाच्या कठीण चुन्यात मात्र थोडाफार शिल्लक राहतो.

वारंगा फाट्यावरून नांदेडकडे जाणारा रस्ता पुढे हैदराबादला पोचतो. तेथील सीसीएमबी या संस्थेतील आणि इतर शास्त्रज्ञांनी अशी जुनी टरफले तपासली. ती २५,००० वर्षांहून कमी जुनी नव्हती. पाच तुकड्यांतून डीएनए काढला. वाचता आला तो एकातलाच, आणि तोही अवघ्या ४३ अक्षरांचा! तो आजच्या शहामृगाशी ९२ टक्के जुळला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले.

पाहा, नखाएवढ्या तुकड्याने केवढी साक्ष दिली! गोदावरीच्या गाळात नांदूर मध्यमेश्वरजवळ नामशेष हत्तीचे अवशेष मिळाले आहेत. आपली कयाधू, पैनगंगाही शेवटी गोदावरीलाच मिळतात. तेव्हा विहीर खणताना किंवा नदीच्या दरडीत दगडासारखे जड हाड, जाड टरफल दिसले, तर कुदळ थांबवा. ते धुऊ नका, हाताळू नका; आपल्या घामातला डीएनए त्यात मिसळतो. जागा आणि खोली लिहून ठेवा, वस्तू तेथेच झाकून ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. एकदा फुटलेली साक्ष पुन्हा मिळत नाही.