बारा तास बसलात, आठवलं किती?

यवतमाळच्या अभ्यासिकांत एकच हिशेब चालतो: कोण किती तास बसला. "आज बारा झाले," एक सांगतो आणि आठ तासवाला मान खाली घालतो. गावाकडे याच हिशेबाची दुसरी बाजू ऐकू येते. घाटंजीकडचा मुलगा हिवाळी परीक्षेत मागे पडला की लोक म्हणतात, "बिचाऱ्याले बसाले वेळ कुठी? घरी वेचणी होती."

अडचण खोटी नाही. अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी साधारण एकाच हंगामात येतात. मजूर परवडत नाहीत त्या घरचा विद्यार्थी कंबर मोडेस्तोवर वेचतो. पण म्हणून तास म्हणजेच अभ्यास, हे मला मुळीच मान्य नाही.

बी.ए.चा एक विद्यार्थी माझ्याकडे अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन आला होता. 'मागणीची लवचीकता' हे प्रकरण पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांनी माखलेलं. तीनदा वाचलं म्हणाला. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, सांग. व्याख्येचं अर्धं वाक्य आलं, मग गाडी थांबली. "सर, वाचताना सगळं येत होतं."

"मीठ दुप्पट महागलं तर तुझी आई निम्मंच घेईल?"

"मीठ तं तेवढंच लागते ना सर."

"आणि कपडे?"

"ते पुढच्या दिवाळीले."

प्रकरणाचा गाभा त्याच्याच तोंडून निघाला. तीन रंगांना ते जमलं नव्हतं.

'वाचताना येत होतं' ही खरी फसगत. पान ओळखीचं वाटतं, आपण त्यालाच येणं समजतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे मोजून दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं मात्र त्यांना 42 टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. पेपर पाच मिनिटांनीच असता तर आमचे बारातासवाले जिंकले असते!

कोणी म्हणेल, अपेक्षित प्रश्न घोकूनही पोरं पास होतात. होतात की. पुढच्या सत्रात त्याच प्रकरणावर दुसरं उभं राहतं, तेव्हा पुन्हा श्रीगणेशा करतात.

एकच काम थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा करणं शेतकऱ्याच्या घरी नवं नाही. चार डवरण्या एकाच दिवशी कोणी उरकत नाही. तण उगवतं, डवरा चालतो. पुन्हा तण, पुन्हा डवरा. विसरणं हेही तणच. आज वाचलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं, पुस्तक न उघडता कागदावर उतरवायचं. अडलं तेवढ्यापुरतंच पुस्तक उघडायचं. याला वीस मिनिटं पुरतात. कागद नसेल तर पांढरकवड्याहून येणाऱ्या एसटीत मनातल्या मनात चालतं. वेचणीच्या ओळीतही चालतं. हात गुंतलेले असतात, डोकं नाही.

अभ्यासिकेची फी भरली असेल तर खुशाल जा. फक्त उद्या सोबत एक कोरी वही न्या, आणि पहिली वीस मिनिटं पुस्तक पिशवीतच राहू द्या.