इंग्रजीत विचार करा म्हणे!

‘इंग्रजी सुधारायचंय? मग इंग्रजीत विचार करायला लागा.’ क्लासवाले हेच सांगतात, रीलवाले हेच सांगतात, ऑफिसातले सीनियरही हेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं याच सल्ल्यानं मोठं नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिरंड आणि इन्फिनिटिव्ह घ्या. शाळेत आपल्याला व्याख्या मिळाली आणि क्रियापदांची यादी. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ आणि ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ यातला फरक पाठ करा! अहो, पण हा फरक आपल्याला लहानपणापासून येतो. ‘त्यानं सिगारेट ओढायचं थांबवलं’ आणि ‘तो सिगारेट ओढायला थांबला’. पहिल्यात सिगारेट सुटली, दुसऱ्यात पेटली. मराठी बोलणाऱ्याचा इथे गोंधळ होतो का कधी?

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे ऑफिसच्या मेलमध्ये कायम दिसणारं वाक्य. ‘टू’ दिसला की पुढे मूळ क्रियापद, हे डोक्यात बसलेलं असतं. ‘मला भेटायचंय’मधला ‘टू’ तसाच आहे, तो वेगळा दिसत नाही. पण ‘तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागलेत’ म्हणून बघा. इथला ‘टू’ म्हणजे चक्क ‘कडे’, आपलं शब्दयोगी अव्यय. ते लागलं की मराठीतही क्रियापद नामासारखं वागतं: बोलण्याआधी, शिकण्याबद्दल, भेटण्याकडे. इंग्रजीत अशा जागी ‘आयएनजी’ येतं: बिफोर स्पीकिंग, अबाउट लर्निंग, टू मीटिंग. एवढा एक नियम फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मराठीतून भाषांतर करता म्हणूनच ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘मॅरीड विथ’ होतं. खरंय. ‘विषयाबद्दल चर्चा’ आणि ‘तिच्याशी लग्न’ तिथे डोकावतात. पण शिकणाऱ्याच्या डोक्यात भाषांतर होणारच. आपण त्याला बंदी घातली, म्हणून ते चोरून होतं आणि चोरून केलेलं कुणी तपासत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी मांडा आणि सांगा: ‘डिस्कस’च्या पोटातच ‘बद्दल’ आहे, ‘मॅरीड’ला ‘शी’ऐवजी ‘टू’ लागतो. मराठीत ‘पोहायला आवडतं’ असलं तरी ‘एन्जॉय’ला ‘स्विमिंग’च हवं. अशी काही क्रियापदं पाठ करावीच लागतील. पाठांतर तेवढ्यापुरतं ठेवा.

यात नवीन काही नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठीचा हात धरूनच इंग्रजी शिकवायची. राज्यात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. मराठीचा हात मात्र वर्गातून सुटत गेला.

हा नुसता व्याकरणाचा वाद नाही. मी मुलाखतींच्या पॅनलवर बसतो. उत्तम कोड लिहिणाऱ्या मुलीच्या नावापुढे दोन चुकलेल्या प्रीपोझिशन्समुळे ‘कम्युनिकेशन वीक’ असा शेरा पडलेला मी पाहिलाय. तिला तर्क येत होता, मुद्दा मांडता येत होता. तिच्याच भाषेतल्या नियमाशी तिची ओळख करून द्यायचं काम मात्र दहा-बारा वर्षांत एकाही वर्गानं केलं नव्हतं.

तेव्हा इंग्रजी वाक्य अडलं की खुशाल मराठीत म्हणून बघा. ‘कडे’, ‘आधी’, ‘बद्दल’ सापडतंय का ते शोधा. आणि शेरा मारणाऱ्यांनो, आधी कोड वाचा.