धुऱ्याची बाभूळ

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तो आमच्या वावराचा धुराच सापडेना. धाकट्या भावाने जेसीबी लावून बाभळी, बोरी, निंब सारे उपटून टाकले होते. "दादा, सोयाबीनची चार तासं वाढली बघ!" तो हौसेने म्हणाला. मी पडलो मास्तर; चुकलेले गणित पाहून गप्प बसवत नाही.

चार तासे वाढली खरी, पण राखणदार किती गेले? बाभळीवरून अळी टिपणारा कोतवाल गेला, साळुंकी गेली. मावा फस्त करणारे ढालकिडे गेले. किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक माश्या रानफुलांच्या मधावर जगतात, त्याही गेल्या. पीक निघाल्यावर उघड्या वावरात हे जीव राहणार कुठे?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पूर्वी ज्वारी, तूर, मूग, अंबाडी एकाच वावरात नांदत. आता कळमनुरीपासून सेनगावपर्यंत पाहावे तिकडे सोयाबीन. अळीला हे पंगतीचे आमंत्रणच!

गंमत पाहा. परभणीचे कृषी विद्यापीठ सांगते, पक्षीथांबे उभारा, निंबोळी अर्क फवारा. सल्ला योग्यच आहे. पण आपण काय करतो? जिवंत बाभूळ तोडून मेलेली काठी रोवतो, धुऱ्यावरचा निंब पाडून निंबाचे तेल बाटलीने विकत आणतो!

कोणी म्हणेल, झाडाखाली पीक दबते, पाखरे दाणेही खातात. कबूल. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत कोतवालाची चोच पोचत नाही, हेही कबूल. आणि गाजरगवत माजू देणे म्हणजे धुरा राखणे नव्हे; कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्यावरही पोसतो. पण दोन कणसे खाल्ली म्हणून राखणदाराला कोणी हाकलते काय? चीनने १९५८ साली चिमण्या मारण्याची मोहीम काढली. किडी माजल्या, आणि १९६० साली ती आवरती घ्यावी लागली.

राखणदार गेला की उरतो फवारा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या घरी पाठीवर पंप घेतो तो हाच धाकटा. माझे भांडण त्या चार तासांशी नाही, त्या पंपाशी आहे.

पाडव्याला त्याच्याशी कडाडून वाद घातला. शेवटी तो म्हणाला, "दादा, झाडाला वर्षं लागतात, अळीला आठवडा पुरतो."

त्याचे खरे आहे. म्हणूनच वाचकहो, ज्याचा धुरा अजून शाबूत आहे, त्याने तो आज राखावा. आम्हाला मात्र पुन्हा बी टोकण्यापासून सुरुवात करायची आहे.