साध्या फोनची निवड : स्वस्ताई, सोय आणि स्वावलंबन

अल बर्शा आणि आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. अधूनमधून वापरण्यासाठी, खिशाला परवडणारा आणि तरीही सर्व सोयींनी युक्त असा बटणांचा साधा फोन कोणता घ्यावा? ज्या वस्तूवर शंभर-सव्वाशे दिरहमांहून अधिक खर्च करण्याची कोणाची इच्छा नाही, तिच्यासाठी लेख कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हा फोन ज्यांच्या हाती जातो त्यांचा विचार केला की प्रश्नाचे मोल ध्यानात येते. मुलाकडे दोन महिन्यांसाठी व्हिजिट व्हिसावर आलेली आई; मुलगा आणि सून दुबई इंटरनेट सिटीत कामाला गेले की ती दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी असते आणि ऊन कलल्यावर पाँड पार्काकडे फिरायला जाते. भारतातील बँकेचे आणि आधारचे ओटीपी मिळत राहावेत म्हणून गावाकडचे सिम जिवंत ठेवणारा नोकरदार. अल कूझच्या कामगार वसाहतीत राहणारा, महागडा फोन साइटवर न नेता खोलीत ठेवून जाणारा आपला बांधव. या सर्वांचा साधा फोन बहुतेक वेळ मुका पडून असतो. मात्र ज्या क्षणी गरज पडते, त्या क्षणी तो चाललाच पाहिजे.

दुकानात मात्र हा फोन निवडला जातो तो पेटीवर छापलेल्या यादीवरून. कॅमेरा, गाणी, खेळ, इंटरनेट, समाजमाध्यमे अशी यादी जितकी लांब, तितका सौदा फायद्याचा, अशी आपली समजूत असते. आमचे मत याच्या उलट आहे. अधूनमधून वापरायच्या फोनाची परीक्षा यादीच्या लांबीवर करू नये. दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून तो किती काम करतो, यावर करावी.

सर्वप्रथम जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा विचार. भारतात आजही एअरटेल आणि व्हीआय यांच्या २जी जाळ्यांवर असंख्य बटणांचे फोन चालतात. त्यामुळे गावाहून येताना आईवडील आपला जुना, ओळखीचा फोन पिशवीत घालून आणतात. अमिरातीत परिस्थिती निराळी आहे. येथील दूरसंचार नियामक संस्थेने २०२२ च्या अखेरीस २जी सेवा बंद करण्याचे धोरण जाहीर केले आणि केवळ २जीवर चालणाऱ्या फोनांची विक्री त्याआधीच थांबवली. म्हणून गावी पाच-सहा वर्षे इमानेइतबारे चाललेला फोन येथे उतरताच निरुपयोगी ठरू शकतो. बिघाड फोनात नसतो. ज्या जाळ्याशी तो बोलत होता तेच येथे उरलेले नसते. जिओच्या बटणांच्या फोनाची अडचण आणखी वेगळी आहे. तो ४जीचा असतो खरा, पण त्याला जिओच्या सिमशीच बांधलेले असते. त्यात येथील एतिसलात किंवा डू यांचे सिम चालत नाही.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. फोन ४जीचा असावा, त्यात व्हीओएलटीई, म्हणजे ४जीच्याच जाळ्यावरून आवाजाचा कॉल नेण्याची सोय असावी आणि तो कोणत्याही एका कंपनीला बांधलेला नसावा. फोन दोन्ही देशांत वापरायचा असेल तर पेटीवरील तपशिलात ‘बँड ३’, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, आहे का ते पाहावे. ४जीची ही पट्टी भारतात आणि अमिरातीत दोन्हीकडे वापरात आहे. दोन सिमची जागा असेल तर उत्तमच. एका खणात गावाकडचे सिम, दुसऱ्यात येथले. नोकियाच्या १०५ आणि ११० या मालिकांची ४जी रूपे या कसोटीला उतरणाऱ्या फोनांत मोडतात. मात्र त्याच नावाची २जी रूपेही बाजारात आहेत आणि दिसायला ती जवळजवळ सारखीच असतात. तेव्हा नावावर विसंबू नये, ‘४जी’ ही अक्षरे पेटीवर शोधावीत आणि शक्य असल्यास आपले सिम घालून दुकानातच एक कॉल लावून पाहावा.

दुसरा मुद्दा सोयींचा. संगणकप्रणाली लिहिणे हा आमचा व्यवसाय असल्याने या ठिकाणी थोडे अधिकाराने बोलतो. फोनातील सोयी दोन जातींच्या असतात. काही फोनाच्या अंगच्या असतात : विजेरी, रेडिओ, बॅटरी, बटणे, आवाज. काही उसन्या असतात. त्यांचे खरे काम दूरवरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर चालते आणि फोन केवळ खिडकी असतो. ती कंपनी जोवर खिडकी उघडी ठेवते, तोवरच ती सोय आपली.

याचा धडा आपल्याच देशात मिळालेला आहे. २०१७ च्या जुलैमध्ये रिलायन्सने जिओफोन जाहीर केला. दीड हजार रुपयांची परत मिळणारी अनामत आणि बदल्यात इंटरनेट चालणारा बटणांचा फोन, अशी ती योजना होती. तो कायओएस या प्रणालीवर चालत असे. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅप आले, तेव्हा स्मार्टफोन न परवडणाऱ्या घरांना मोठे दालन खुले झाले. पुढे व्हॉट्सअॅपनेच कायओएसवरील सेवा आवरती घेतली. जून २०२४ पासून ते नव्याने उतरवून घेता येईना आणि २०२५ च्या आरंभी आधीपासून असलेल्यांचेही बंद झाले. फोन तोच, हात तेच, बॅटरीही चांगली. परंतु ज्या सोयीसाठी तो घेतला होता, ती सोय मालकाला न विचारता काढून घेतली गेली. पेटीवरचे शब्द मात्र पुसले गेले नाहीत. आजही दुकानदार अशा फोनांच्या ‘स्मार्ट’ गुणांची यादी वाचून दाखवतो, तेव्हा हा इतिहास आठवावा.

याउलट २००३ साली आलेल्या नोकिया ११०० चे उदाहरण घ्या. त्यात कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हते, रंगीत पडदाही नव्हता. विजेरी होती आणि धूळ आत जाऊ न देणारा कळफलक होता. त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले. भारनियमनाच्या काळात आमच्या खेड्यांतून या विजेरीने रात्री-अपरात्री वाट दाखवली आहे. त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या परवानगीची गरज नव्हती.

म्हणून आमची शिफारस अशी की यादीतील उसन्या सोयी खोडून टाकाव्यात आणि अंगच्या सोयी मोजाव्यात. बॅटरी काढता-घालता येणारी असावी. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणारी आपली वडीलधारी मंडळी दोन-तीन दिवस घराबाहेर असतात. चार्जिंगची सोय शोधत न हिंडता टिकणारा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. आवाज स्पष्ट आणि मोठा असावा, बटणे ठसठशीत असावीत, अक्षरे मोठी करता यावीत. मेनू मराठीत किंवा निदान हिंदीत असावा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत देवनागरीची सोय बहुधा असते, येथे विकत घेताना मात्र ती तपासूनच घ्यावी. रेडिओ असावा, दुपारच्या एकांतात दुबईच्या हिंदी एफएम वाहिन्या वृद्धांना चांगली सोबत करतात.

संकटकाळच्या सोयीबद्दल थोडे अधिक. भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनात संकटकाळचे बटण असणे बंधनकारक झाले. साध्या फोनात पाच किंवा नऊ हे बटण दाबून धरले की तातडीचा कॉल लागतो. येथे मात्र त्यावरच विसंबू नये. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८ हे क्रमांक एकेका बटणावर स्वतः बसवून द्यावेत. त्यांच्या जोडीला भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक ८०० ४६३४२ हाही असावा. कळफलकावर शेवटचे पाच आकडे दाबले की इंग्रजी अक्षरांत ‘इंडिया’ हा शब्द होतो, त्यामुळे तो लक्षात ठेवणेही सोपे. अर्थात, बटणांच्याच फोनावर!

आता साध्या फोनाच्या मर्यादाही स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. त्या लपवून त्याची स्तुती करणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. अमिरातीत सरकारी कामांसाठी लागणारी ‘यूएई पास’ ही डिजिटल ओळख स्मार्टफोनावर चालते. जुलै २०२५ पासून येथील बँकांनी एसएमएसने ओटीपी पाठवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास आरंभ केला आणि व्यवहाराची मंजुरी बँकेच्या अॅपवर आणली. फसवणूक रोखणे हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परिणाम मात्र असा की येथील बँक खाते केवळ बटणांच्या फोनावर सांभाळणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार. ज्या कामगार बांधवाचा पगार येथील खात्यात जमा होतो, त्याला ‘तुला साधा फोन पुरे’ असा सल्ला देणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्याच्यासाठी साधा फोन हा दुसरा फोन असू शकतो, एकमेव नव्हे.

हे असेच व्हायला हवे होते, असे मात्र नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा सुरू केली आणि स्मार्टफोन नसलेल्या माणसालाही बटणांच्या फोनावरून पैसे पाठवण्याचा मार्ग दिला. पुढे तिची एका व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाली. ठरवले तर साध्या फोनवाल्यालाही व्यवहारात सामावून घेता येते, हे त्यातून दिसते. कोणाला सामावून घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हा निर्णय यंत्र घेत नाही. यंत्रणा घडवणारी माणसे घेतात. या व्यवसायात असलेल्या आम्ही साऱ्यांनी याची जाणीव ठेवली पाहिजे.

अधूनमधून वापरायच्या फोनाला स्वतःची अशी शिस्तही लागते. खणात पडलेला फोन महिन्यातून एकदा चार्ज करावा, एक कॉल लावून पाहावा आणि रिचार्जची मुदत कोठे तरी लिहून ठेवावी. भारतातील नियमाप्रमाणे प्रीपेड सिमचा सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास ते टिकवण्याची तरतूद आहे. आधारशी जोडलेला क्रमांक असा हातचा गेला की पुढे किती खेटे घालावे लागतात, हे भोगलेल्यांनाच ठाऊक. येथील सिमही २०१२ पासून ओळखपत्राशी बांधलेले आहे. म्हणून पाहुण्यांसाठी सिम घेताना ते शक्यतो त्यांच्याच पासपोर्टवर घ्यावे; आपल्या नावावरचे सिम ज्याच्या-त्याच्या हाती देऊ नये.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधा फोन बहुधा एकजण विकत घेतो आणि दुसरा वापरतो. मुलगा आईसाठी घेतो, घरमालकीण मदतनीस बाईंसाठी घेते, मुकादम कामगारासाठी घेतो. घेणारा मनाशी म्हणतो, ‘यांना काय, एवढे पुरे.’ या ‘एवढे पुरे’मध्ये माया असेल, काटकसर असेल, परंतु दुसऱ्याची गरज आपणच ठरवून टाकण्याची जुनी खोडही त्यात असते. ती खोड आपल्या समाजाने फार सोसली आहे, म्हणून आपल्या हातून ती घडू नये. आईला दुकानात न्यावे, दोन-तीन फोन तिच्या हातात द्यावेत, बटणे दाबू द्यावीत, अक्षरे वाचू द्यावीत. तिने स्मार्टफोन मागितला तर तो द्यावा आणि धीराने शिकवावाही. तिने साधा निवडला तर त्यात उणेपणा मानू नये. ज्याचा त्याने निवडलेला फोन मग केवळ स्वस्त उरत नाही, तो स्वावलंबनाचे साधन होतो.

या दृष्टीने एक सूचना करून थांबतो. आईवडिलांच्या भेटीसाठी घेतलेले कितीतरी फोन दोन महिन्यांच्या वापरानंतर आपल्या घराघरांत वर्षभर धूळ खात पडतात. आपल्या परिवाराने असे पाच-सहा ४जी फोन एकत्र करावेत, त्यांतील क्रमांक आणि संदेश पुसून, बॅटरी तपासून, तातडीचे क्रमांक बसवून ते तयार ठेवावेत आणि ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी येणार असतील त्यांनी ते नेऊन परत आणून द्यावेत. नवा खर्च नाही, कचरा नाही, आणि परक्या शहरात एकट्या पडलेल्या आईच्या हाती पहिल्या दिवसापासून चालता फोन. पुढील मासिक बैठकीत या सूचनेवर विचार व्हावा, ही विनंती.

जय भीम, नमो बुद्धाय.