पाहुण्याला द्यायचा पत्ता

फ्रान्झ काफ्काच्या ‘द कॅसल’ (१९२६) या कादंबरीतला मोजणीदार किल्ल्यापर्यंत कधी पोचतच नाही. मौज अशी, की २०११ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या एका निरोप्या संगणकप्रणालीला याच लेखकाचे नाव आहे. तिचे सर्व्हर कंटेनरच्या बंद खोल्यांत मांडले, की बाहेरून येणाऱ्याची गत मोजणीदारासारखी होते! दारातला सर्व्हर अगत्याने सांगतो, “तुमचा निरोप अमक्याकडे आहे.” पण हे नाव घरापुरतेच. “माजघरात बंडूला विचारा,” म्हटल्यावर परगावच्या माणसाने काय समजावे? निरोप आतच राहतो. म्हणून ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड लिसनर्स’ या सदरात प्रत्येक सर्व्हरचे दोन पत्ते लिहावेत : एक घरच्यांसाठी, एक बाहेरच्यांसाठी. नुसते दार उघडे ठेवून आतिथ्य होत नाही. पाहुण्याला सापडेल असा पत्ताही द्यावा लागतो.