आठ जणांचा गट आणि दोघांचं काम

गेल्या वर्षीच्या पालकसभेत एका अम्मींनी मला विचारलं, "टीचर, माझी मुलगी वर्गात बोलते का?" मुलगी सातवीतली. घरी दखनी, शाळेत उर्दू, आणि मराठी फक्त माझ्या तासिकेपुरती. मी पटकन म्हणून गेले, "हो, गटात काम करते की!" घरी पोचेपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. गटात ती काय करत होती ते मी पाहिलं होतं. ती रंगीत कागद कापत होती.

झालं होतं असं की चाळीस मुलांचे आठ-आठांचे पाच गट करून मी सगळ्यांना राजर्षी शाहू महाराजांवर तक्ता करायला सांगितला होता. तक्ते देखणे झाले, व्हरांड्यात लागलेसुद्धा. पण ज्या मुलीचं अक्षर वळणदार तिनं लिहिलं, ज्या मुलाला धिटाई तो पुढे येऊन बोलला. उरलेले सहाजण डिंकाची बाटली सांभाळत बसले. पाठ टाचणात मात्र मी ऐटीत 'गटकार्य' असं लिहिलं होतं.

माक्स रिंगेलमन नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली त्याची निरीक्षणं छापली गेली. आठजण मिळून ओढू लागले की एकेकाचा जोर, तो एकट्यानं ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर येत होता. काही ताळमेळ जमत नाही म्हणून, आणि काही दुसरा ओढतोच आहे या भरवशावर. लग्नघरी देग चढते आणि मीठ घालणं हे 'सगळ्यांचं' काम असतं तेव्हा काय होतं, हे आपल्याकडच्या बायकांना या साहेबाच्या आधीपासून ठाऊक आहे!

उपाय मला सापडला तो टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला, १९७१ चा. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा तिथे नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात भांडणं पेटली होती. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला मदतीला बोलावलं. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि लहान गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. स्वतःचा तुकडा नीट समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची, आणि ज्यानं त्यानं एकट्यानं द्यायची. चित्राचे तुकडे जोडण्याच्या खेळावरून या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

मी पुन्हा शाहू महाराजच घेतले. या वेळी पाच-पाचांचे आठ गट. पहिला तुकडा १८७४ मधला जन्म, दत्तकविधान आणि १८९४ चं राज्यारोहण. दुसरा, १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम. तिसरा, कोल्हापुरातली वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं, त्यात आपलं मुस्लिम बोर्डिंगही. चौथा, १९१७ मधलं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. पाचवा, राधानगरीचं धरण. त्या मुलीला मी मुद्दाम वसतिगृहं दिली.

या पद्धतीत एक पायरी आहे, ती घाईत गाळू नये. एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसतात. वसतिगृहांची आठ मुलं मी चार-चारच्या दोन घोळक्यांत बसवली. तिथे चुकलं तरी हसणारं कुणी नव्हतं, सगळ्यांचीच बोंब होती. तिनं आपली वाक्यं तीन-चारदा म्हणून पाहिली.

तरी मूळ गटात परतल्यावर ती अडलीच. एक मुलगा म्हणाला, "टीचर, हिला येत नाही. कागद द्या, आम्हीच वाचतो." मी म्हटलं, "कागद माझ्याकडे जमा झाले. शुक्रवारच्या चाचणीत वसतिगृहांवर पाच गुणांचा प्रश्न आहे, आणि तुमच्या गटात त्याचं उत्तर फक्त हिच्याकडे आहे." मग पोरं वठणीवर आली. "बोर्डिंग म्हणजे राहायची सोय का? कुणासाठी? कशाला काढली?" ती निम्मं दखनीत सांगत होती, बाकीचे ते मराठीत लिहून घेत होते.

हे रोज करण्यासारखं नाही. दोन तासिका जातात, शेजारचा वर्ग तक्रार करतो, व्याकरणाला तर ही पद्धत मुळीच चालत नाही. एखादं मूल गैरहजर असलं की त्याचा तुकडा दुसऱ्या गटाकडून उसना आणावा लागतो. गट मुलांना निवडू दिले तर मैत्रिणी मैत्रिणींत बसतात आणि एकटं मूल एकटंच राहतं, म्हणून ते मीच पाडते.

आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात दहा-दहांचे गट करून एकेक मोठा कागद आणि स्केचपेन देतात. एक मॅडम लिहितात, एक सर सादर करतात, आम्ही उरलेले चहाची वाट पाहतो. मागच्या खेपेला मी उभी राहून म्हटलं, "दहाऐवजी चार-चार करा आणि प्रत्येकाला वेगळा मुद्दा द्या." कल्पना मान्य झाली. नंतर चहाच्या वेळी दोन सहकारी माझ्याशी बोलले नाहीत.

त्या अम्मी यंदाही आल्या होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बोलते. मध्ये मध्ये दखनी घालते, पण बोलते. आणि त्या गटातल्या मुलाशी आता भांडतेसुद्धा."